मुकुंदभटजींची मांडी

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा." मी म्हटलं, "माझ्याकडे हाडाच्या कॅन्सरची एक गोष्ट आहे." पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "नेटवर्क गेलं वाटतं."

नेटवर्क गेलं नव्हतं. पण गोष्ट खरोखर हलकीफुलकीच आहे आणि ज्याची आहे त्याने ती लिहायला मला परवानगी दिलेली आहे. अट एकच घातलीय, की शिऱ्याचा प्रसंग गाळायचा नाही.

मी रत्नागिरीत तीस-बत्तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. हे नाव उच्चारायला जड, म्हणून कोणी मला 'व्यायामवाल्या बाई' म्हणत, कोणी 'शेकवाल्या'. काम थोडक्यात असं: डॉक्टर हाड जोडतात, सांधा बदलतात, टाके घालतात आणि पेशंटला घरी पाठवतात. घरी पेशंट पाय उशीवर ठेवून पडून राहतो, कारण हलवला की दुखतो. मग आम्ही येतो आणि हलवायला लावतो. त्यामुळे आम्हाला बघून कोणाला आनंद झालाय असं मी फारसं पाहिलेलं नाही. मासळीबाजारात जुने पेशंट मला बघून वाट बदलतात, आणि वाट बदलताना कसे चालतायत ते मी मागून बघून घेते.

गुडघा किती वाकतो ते आम्ही अंशांत मोजतो. पाय सरळ म्हणजे शून्य. खुर्चीत बसलात की नव्वद. मांडी घालायची तर सव्वाशेच्या आसपास, आणि वर थोडा पीळही द्यावा लागतो. उकिडवं बसायचं तर दीडशे. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं समजेल.

वीसएक वर्षांपूर्वी एका सकाळी पावसहून दोघं जण माझ्याकडे आले. पुढे साठीचे एक गृहस्थ, धोतर, काखेत छत्री. मागे वॉकर धरून तेवीस वर्षांचा मुलगा, डोक्यावर एक केस नाही, भुवयाही नाहीत. पुढचे अप्पा, मागचा त्यांचा मुलगा मुकुंद. मुकुंदच्या डाव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या अगदी वर, कॅन्सरची गाठ निघाली होती. पूर्वी अशा वेळी पाय सरळ कापून टाकत. आता बऱ्याच जणांचा वाचवतात. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्याला आधी किमो दिली, मग मांडीच्या हाडाचा खालचा वीतभर तुकडा गुडघ्यासकट काढला आणि तिथे धातूचा तुकडा आणि धातूचा गुडघा बसवला, मग पुन्हा किमो. हा गुडघा साधा नसतो. दाराला बिजागरी असते तसा तो आतून जोडलेला असतो, कारण आजूबाजूचे सांधा धरून ठेवणारे बंध सगळे गेलेले असतात.

मी कागद वाचत होते. अप्पांनी छत्री भिंतीला टेकवली आणि थेट विचारलं, "डॉक्टरीणबाई, हा मांडी कधी घालील?"

लोक विचारतात, चालेल कधी, गाडी चालवील कधी, लग्नाचं जमेल का. मांडीचं मला कोणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही काम काय करता?" मी मुकुंदला विचारलं.

"भिक्षुकी," तो म्हणाला. "आमच्यात चार पिढ्या. पूजा, लग्नं, मुंजी, श्राद्धं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भटजीचं सगळं काम पाटावर. सत्यनारायण दोन तास, लग्न चार तास, आणि सगळं मांडी घालून. मी सांगितलं की हा सांधा नव्वद-शंभर अंश वाकला तरी पुष्कळ झालं, बिजागरीला पीळ सहन होत नाही, मांडी बहुधा जमायची नाही.

अप्पांनी भिंतीची छत्री परत काखेत घेतली. मग म्हणाले, "म्हणजे मुंबईच्या लोकांनी पाय वाचवलानी आणि पोट कापलंनी."

यावर मी सरळ 'हो' म्हणायला हवं होतं. पण मी तेव्हा छत्तिशीची होते आणि जिद्दीबद्दल माझं नाव होतं. शिवाय मुकुंद खाली जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, "बघू."

आमच्या व्यवसायात या शब्दाने फार नुकसान केलंय. पेशंटला 'बघू' म्हटलं की तो 'नक्की' असं ऐकतो.

व्यायाम सुरू झाले. टाच अंथरुणावरून मागे सरकवायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. पाय सरळ उचलून दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवायचा. मुकुंदला आकडे मोजायचा कंटाळा यायचा, म्हणून तो श्लोक म्हणायचा. सुरुवातीला अनुष्टुभ. पायात जोर आला तसे लांब वृत्तातले. एकदा त्याने इतकं लांब काहीतरी सुरू केलं की पाय थरथरायला लागला, तो घामाघूम झाला, तरी थांबेना. मी म्हटलं, "अहो, ठेवा खाली." तो दातओठ खाऊन म्हणाला, "मध्ये सोडता येत नाही, मॅडम. दोष लागतो."

मी कागदावर लिहून दिलं होतं: प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढच्या आठवड्यात आले तर गुडघा नारळाएवढा सुजलेला. मी घाबरले. या पेशंटमध्ये सूज म्हणजे जंतुसंसर्गाची भीती, आणि धातूच्या सांध्याला जंतू लागले तर कधी कधी सगळा सांधा काढावा लागतो. ताप नाही, लाली नाही. मी विचारलं, "व्यायाम किती वेळा केलात?"

मुकुंदने अप्पांकडे बघितलं. अप्पांनी कनवटीची जपमाळ काढून दाखवली. "एकशेआठ," ते म्हणाले. "प्रत्येकी. एक मणी कमी नाही."

"मी दहा लिहिलं होतं."

"दहा ही काय संख्या आहे?" अप्पा म्हणाले.

चार दिवस बर्फाने शेकून सूज उतरली. मी अप्पांना सांगितलं की माळ फक्त देवघरात वापरायची. ते माझ्यावर पंधरा दिवस रागावून होते, पण आठवड्यातून दोनदा पावसहून एस.टी.ने मुलाला घेऊन यायचं त्यांनी चुकवलं नाही. येताना कंडक्टरशी भांडून पुढची जागा घ्यायचे, कारण तिथे पाय लांब करता येतो. मुकुंद आत व्यायाम करत असताना ते बाहेर बाकावर बसायचे. दर तीन महिन्यांनी मुंबईला छातीचा फोटो व्हायचा, गाठ फुप्फुसात गेलीय का बघायला. त्या आठवड्यात अप्पा बाकावर बसायचेसुद्धा नाहीत. दारात उभे राहायचे, छत्री हातात धरून, आणि मी काही विचारलं तर म्हणायचे, "बरं चाललंय. बरंच चाललंय."

फोटो स्वच्छ येत गेले. किमो संपली तसे केस परत आले, पण मुकुंदचे मूळचे सरळ केस कुरळे होऊन आले. असं पुष्कळांचं होतं. शेंडी राखली तर ती स्प्रिंगसारखी वर जायची. अप्पांनी खोबरेल लावून, ओल्या पंच्याने दाबून बघितलंनी. शेवटी म्हणाले, "मॅडम, हिला व्यायाम नाही का काही?"

गुडघा चाळीसवरून साठ, साठवरून ऐंशी आणि पाच महिन्यांनी पंचाण्णव अंशांवर आला. तिथे थांबला. पुढचे दोन महिने मी जे जे येत होतं ते करून पाहिलं. पंचाण्णव. मी पट्टी जरा तिरकी धरून सत्त्याण्णवही लिहिलं एकदा. मुकुंदने तो आकडा वाचला आणि चप्पल घातली.

आणि मग त्याने मला न सांगता पहिली पूजा घेतली. आता तो शिऱ्याचा प्रसंग.

पावसमधल्याच एका घरात सत्यनारायण होता. मुकुंद पाटावर बसला, उजव्या पायाची मांडी, डावा पाय सरळ लांब. बसल्यावर प्रश्न निघाला की या पायाचं तोंड कुठे करायचं. पूर्वेला देव, देवाकडे पाय करता येत नाही. पश्चिमेला यजमान, लुगडी-धोतरं नेसून नमस्कार करणाऱ्या माणसांकडे पाय कसा करणार. दक्षिण ही यमाची दिशा. उरली उत्तर. उत्तरेला माजघराचं दार होतं.

कथा पाचव्या अध्यायापर्यंत सुखरूप गेली. या अध्यायात प्रसाद नाकारणाऱ्या राजाची काय दशा होते ते मुकुंदने रंगवून सांगितलं. त्याच क्षणी यजमानीणबाई माजघरातून शिऱ्याची परात घेऊन बाहेर आल्या. परात मोठी, खालचं दिसत नव्हतं. भटजीचा पाय उंबऱ्यापाशी असेल असं कोणाच्या मनात येणार. बाईंनी दाराची चौकट धरली म्हणून त्या वाचल्या. परात वाचली नाही. सगळा शिरा मुकुंदच्या डाव्या गुडघ्यावर.

कोमट होता, भाजलं नाही. पण घरात सगळ्यांना एकच पेच पडला. प्रसाद सांडला म्हणजे अपशकुन, आणि टाकला तर राजासारखी गत. मुकुंदनेच मार्ग काढला. म्हणाला, "जमिनीला लागलेला नाही, सोवळ्यावर आहे. वरच्यावर घ्या." मग तीस-पस्तीस माणसं रांगेने आली, वाकली, भटजींच्या गुडघ्यावरून शिरा घेतलानी आणि नमस्कार करून गेली. दोन म्हाताऱ्यांनी गुडघ्यालाही नमस्कार केला. धातूचा आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे देवाच्या टाकासारखंच काही वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा गुडघा सुजला होता, कारण परात चुकवायला त्याने पाय पिळला होता. सगळी हकिकत ऐकताना मला हसू आवरेना, आणि हसून झाल्यावर मला स्वतःची लाज वाटली. मी माझं स्टूल पुढे ओढलं.

"मुकुंद, तुमचा हा पाय मांडी घालणार नाही. कधीच नाही. मी पहिल्या दिवशी 'बघू' म्हणाले ती माझी चूक."

तो जरा वेळ टॉवेलची घडी करत बसला. मग म्हणाला, "मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं, मॅडम."

"मग इतके दिवस येत का होतात?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीने करत होतात. एकदम कसं सांगायचं? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाहेर अप्पा बाकावर होते. त्यांना बोलावून मी सांगितलं की मुकुंदने आता खुर्चीवर बसून पूजा सांगावी. अप्पा उभेच राहिले.

"देव पाटावर आणि भट खुर्चीवर?" ते म्हणाले. "देवाच्या डोक्यावर बसून मंत्र सांगायचे? त्यापेक्षा याने किराणामालाचं दुकान घालावं."

अप्पा खरोखरच मुकुंदसाठी दुकानाची जागा बघायला लागले होते. पुढचे तीन आठवडे तो माझ्याकडे आला नाही.

या अडचणीतून वाट काढली माईंनी. माई माझ्या दुसऱ्या पेशंट, पावसलाच आंब्याची कलमं आणि नारळीचं आगर असलेलं मोठं घर त्यांचं. सत्तरीच्या, वजनदार, दोन्ही गुडघे झिजलेले. पाटावर बसणं सुटून चार वर्षं झाली होती. घरातल्या पूजा मुलगा-सून करत आणि माई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून ओरडून सूचना देत. मी त्यांना शेक देताना सहज मुकुंदची अडचण सांगितली. माई म्हणाल्या, "मी काय म्हणत्ये, भट वर जात असेल तर देवाला आणखी वर घ्या की. देवाला कुठे गुडघे दुखतायत?"

मी निरोप पोचवला. अप्पांनी तीन दिवस पोथ्या चाळल्या. कुठे बंदी सापडली नाही. शेवटी म्हणाले, "देवाचं आसन भटाच्या आसनाहून वर हवं. भूमीपासून किती, ते लिहिलेलं नाही." पण त्यांची एक अट होती, की माप ते स्वतः घेणार.

माईंच्या ओटीवर ही पूजा झाली. मी माझी टेप घेऊन हजर होते, कारण मुकुंदची खुर्ची फार बुटकी असून चालणार नव्हती. बुटक्या खुर्चीतून उठताना याच सांध्यावर सगळा भार येतो. तर खुर्ची अठरा इंच. माई दुसऱ्या खुर्चीवर. देव यांच्याहून वर म्हणून जेवणाचं टेबल. अप्पांनी मोजलं आणि म्हणाले, खुर्चीचं आसन नव्हे, भटाचं मस्तक धरायचं. म्हणून टेबलावर चौरंग. तरी मुकुंद देवाहून दोन बोटं उंच. चौरंगावर आणखी एक पाट. आता देव वर गेले, पण केळीचे खांब पंख्याला लागायला लागले. पंखा बंद केला. भाद्रपदातली दुपार, सगळे घामाने निथळत होते, आणि माईंना देवावर पाणी घालायला हात वर करायला लावून मी त्यांच्या खांद्याचाही व्यायाम करून घेतला.

पूजा मात्र नीट झाली. आरतीला माई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, हातात ताम्हण. चार वर्षांनी त्यांनी स्वतःच्या हाताने आरती केलीनी. मी अप्पांकडे बघितलं. ते टेप गुंडाळत होते आणि टेप काही नीट गुंडाळली जात नव्हती.

त्यानंतर जे झालं ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पावस, आसपासची गावं, सगळीकडे गुडघे दुखणारी माणसं भरलेली. मुलं मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी, आणि खाली बसता येत नाही म्हणून पूजा बंद पडलेल्या. माईंच्या घरची बातमी गेली तसे निरोप यायला लागले: "ते खुर्चीवाले भटजी मोकळे आहेत का?" पुढल्या पुढल्या सुधारणा मुकुंदने स्वतः केल्या. घडीचं ॲल्युमिनियमचं टेबल, घडीचं स्टूल, होमासाठी चार लोखंडी पायांवर उचललेलं कुंड. लग्नात नवरा-नवरीचे आईबाप त्याला दुवा देत. दुकानाचं नाव कोणी पुन्हा काढलं नाही.

दोन वर्षांनी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मुकुंदचा फोन आला. आमच्याकडे चतुर्थीला घरोघरी गणपती, आणि प्रत्येक घरी प्राणप्रतिष्ठेला भटजी हवा, तोही दुपारच्या मुहूर्ताच्या आत. अप्पा आणि तो मिळून सव्वीस घरं करत, तेरा-तेरा. अप्पांना ताप भरला होता.

"मॅडम, मी स्कूटर चालवू का?" मुकुंदने विचारलं.

मी नाही म्हटलं. पाऊस, निसरडे रस्ते, आणि पडला तर धातूच्या तुकड्याच्या वरचं हाड मोडायची भीती.

"मग सव्वीस घरं चालत होतील का?"

आमचा गणपती चिपळूणला दिरांकडे असतो. मी त्यांना फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि पहाटे साडेचारला माझी स्कूटर घेऊन पावसला गेले. मागे मुकुंद, पाय बाहेर काढलेला, मांडीवर स्टूल, खांद्याला पळी-पंचपात्राची पिशवी. पहिल्या घरी विचारलंनी, "या कोण?" मुकुंद म्हणाला, "या स्टूल आणतात."

पाचव्या घरापर्यंत मी नुसती स्टूल उघडत-मिटत होते. मग अक्षता कधी, दूर्वा कधी, हे पाठ झालं आणि न मागता हातात द्यायला लागले. तोवर मी कोण हे गावात पसरलं. त्यानंतर प्रत्येक घरात मुकुंद मखरासमोर मंत्र म्हणायचा आणि मागे माझी रांग लागायची. कोणाची कंबर, कोणाची टाच. एका घरी यजमानाने आरती ओवाळायला हात वर नेलान आणि 'सुखकर्ता'च्या जागी आईची आठवण काढलीन. मी मागून त्याचं कोपर धरून आरती पुरी करून घेतली. त्या घरून मला वेगळा नारळ मिळाला.

विसावं घर खाली आगरात होतं. तिथे जायला पाखाडी, म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या, साठ-सत्तर तरी असतील. पावसाने शेवाळ धरलेलं. मी मुकुंदला वरच थांबवलं आणि आमच्याकडचा नियम पुन्हा सांगितला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना खोटा पाय आधी. काठी धरा, घाई नको, माझ्याकडे बघा. आणि कसं उतरायचं ते दाखवायला मी पुढे झाले.

तिसऱ्या पायरीवरून मी बसल्या बसल्या अकराव्या पायरीपर्यंत गेले. स्टूल माझ्याआधी खाली पोचलं. उजवा घोटा मुरगळला होता आणि साडीचा मागचा भाग लाल चिखलाने माखला होता. मुकुंद एकेक पायरी नीट उतरत आला, मी सांगितलं होतं अगदी तसा. माझ्यापाशी थांबला आणि हात पुढे केलान.

"ताई, उठा. खोटा पाय आधी," तो म्हणाला. "घाई नको. माझ्याकडे बघा."

त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

आम्ही एकमेकांना धरून घरापुढच्या खळ्यात उतरलो, दोघं लंगडत, दोघं चिखलाने लाल. यजमान पंचा सावरत बाहेर आले. आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "भटजी कोण यातले?"

सव्विसावं घर सव्वा वाजता संपलं. शेवटची सहा घरं स्कूटर मुकुंदनेच चालवलीन, कारण मला ब्रेकवर पाय ठेवता येत नव्हता. मी मागे बसून तो पडेल या भीतीने जी काही नामस्मरणं केली तेवढी त्याच्या पोथ्यांतही नसतील. त्याचा गुडघा संध्याकाळी तपासला. सूज नाही, दुखणं नाही. माझा घोटा मात्र तीन आठवडे बांधलेला होता. अप्पा बरे होऊन मोदक घेऊन बघायला आले. "व्यायाम दिवसातून किती वेळा?" त्यांनी विचारलं. मी दहा म्हटलं. त्यांनी मान डोलावलीनी, पण चेहऱ्यावरून संख्या पसंत नव्हती.

सगळंच असं हसण्यासारखं झालं असं नाही. ऑपरेशननंतर बाराव्या वर्षी मुकुंद म्हणाला, उठताना गुडघ्यात 'टक्' असा आवाज येतो. मी पाय हलवून बघितला आणि म्हटलं, धातू आहे, थोडा वाजणारच. सहा महिन्यांनी एका मुंजीत उभा असताना गुडघा अचानक मागे गेला आणि तो खांबाला धरून कसाबसा सावरला. मुंबईला नेल्यावर कळलं की बिजागरीच्या आतला प्लॅस्टिकचा तुकडा झिजून फुटला होता. इतक्या वर्षांनी असं होतं. तो तुकडा बदलला, दीड महिन्यात मुकुंद उभा राहिला. पण ते सहा महिने मी त्या पायाचं नीट ऐकलं नाही हे मला अजून टोचतं. इतकी वर्षं लोकांना 'दुर्लक्ष करू नका' म्हणून सांगणारी मी.

त्या दीड महिन्यात त्याची घरं अप्पांनी सांभाळलीनी. बाहत्तरी उलटली होती. मी एका घरी भेटायला गेले तर अप्पा घडीच्या खुर्चीवर बसून संकल्प सोडत होते. मला बघितल्यावर म्हणाले, "माझं वय झालंय म्हणून हो. याच्यासारखी सवय नाही मला." पुढे ते गेले तोवर ती खुर्ची त्यांनी सोडली नाही.

आता मुकुंद चव्वेचाळीस वर्षांचा आहे. किंचित लंगडतो. पळत नाही, उडी मारत नाही, दाताला कीड लागली तरी आधी मला फोन करतो, कारण जंतूंची भीती जन्मभर राहते. बायकोने त्याच्या शेंडीपुढे हात टेकलेत.

मी निवृत्त झाले तरी त्याचं एक काम माझ्याकडे राहिलंय. मुंबईच्या इस्पितळातून दर वर्षी एक फॉर्म येतो. इतक्या वर्षांनी वाचवलेला पाय कसा चालतोय हे त्यांना बघायचं असतं. मुकुंदला इंग्रजीचा कंटाळा, म्हणून मी वाचते, तो उत्तरं देतो, मी खुणा करते. या वर्षी श्रावणात, दोन पूजांच्या मध्ये तो माझ्याकडे आला.

"दुखतं का?"

"नाही."

"काठी लागते का?"

"पाखाडीला."

"उकिडवं बसता येतं का? मांडी घालता येते का?"

"नाही. नाही."

शेवटचा प्रश्न होता, आजाराचा तुमच्या कामावर परिणाम झाला आहे का. नाही, थोडा, बराच. मी पेन 'थोडा'वर नेलं.

"थांबा," मुकुंद म्हणाला. तो मनाशी मोजत होता. "पूर्वी अप्पांची आणि माझी मिळून सव्वीस घरं. आता चतुर्थीला एकशेचार, चार भटजी हाताखाली. पालीपर्यंत जातो. बराच झालाय, ताई. खोटं कशाला लिहायचं?"

मी 'बराच'वर खूण केली आणि फॉर्म पाठवला. आठ दिवसांनी इस्पितळातून एका तरुण डॉक्टरचा फोन आला. आवाज काळजीत होता. पेशंटच्या कामावर बराच परिणाम झाल्याचं लिहिलंय, नेमकं काय झालं, आम्ही काही मदत करू शकतो का, त्यांच्याशी बोलता येईल का?

मी त्याला मुकुंदचा नंबर दिला आणि सांगितलं, "करा फोन. पण दुपारी दीडनंतर. त्याच्या आधी तो कोणालाच मिळत नाही."